खाणंसुद्धा अर्पण

॥ जय हरी ॥

आजचं चिंतन : श्रीमद्भगवद्गीता, अध्याय ९, श्लोक २७

भगवंत अर्जुनाला सांगतात, तू जे काही करतोस, जे खातोस, जे हवन करतोस, जे दान देतोस, जे तप करतोस, ते सगळं मला अर्पण कर.

यादी सावकाश वाचली की मन एका शब्दाशी थांबतं. हवन, दान, तप हे समजतं. पण त्यांच्या पंगतीत 'खाणं' कसं? आणि तेही हवनाच्या आधी!

आम्हा आयटीवाल्यांना दिवस मोजायची सवय. किती तिकिटं बंद केली, स्प्रिंटमध्ये किती पॉइंट झाले. हळूहळू हीच मोजपट्टी घरी येते. रविवारी दुपारी नुसतं खिडकीत बसलं, तरी मनात प्रश्न येतो, आज काय केलंस?

माझी आजी सध्या अंथरुणाला खिळून आहे. जन्मभर राबलेली बाई. परवा मला म्हणाली, "बाळा, आता माझा कुणाला काय उपयोग रे?" ऑफिसच्या मोजपट्टीवर तिचा आकडा शून्यच येतो. एक दिवस तुमचा-माझाही येणार आहे. मग त्या दिवशी आपण कोण?

या श्लोकात त्याचं उत्तर आहे. देव 'किती' विचारत नाही, 'कुणासाठी' एवढंच बघतो. आधीच्याच श्लोकात तो पान, फूल, फळ, पाणी एवढ्यावर संतुष्ट होतो. अट फक्त भक्तीची. आजी 'विठ्ठल' म्हणून घोटभर पेज घेते. तिचं ते खाणं या यादीत आहे, यज्ञाच्या आणि तपाच्या बरोबरीनं. तिचा दिवस रिकामा नाही.

मग काम सोडून द्यायचं का? अजिबात नाही. 'जे करतोस' हे तर यादीत पहिलंच आहे. काम चोख करावं आणि त्याच्या पायाशी ठेवावं. तिथेच आपलं जेवण, आपला थकवा, आपली मोकळी दुपारही ठेवता येते. अर्पण करायला काहीतरी करून दाखवलंच पाहिजे, असं नाही.

आजचा नेम : एक जेवण मोबाइल दूर ठेवून करूया. पहिल्या घासाआधी क्षणभर थांबून मनात म्हणूया, "देवा, हे तुझं."

रामकृष्णहरी!