अजाणतेपणाची हद्द

दिवाळी सुरू होते ती वसुबारसेला, गाईवासराच्या पूजेने. आमच्या वाडीत त्या संध्याकाळी गाईच्या पायांवर पाणी घालतात, कपाळाला हळदकुंकू लावतात आणि मग केळीच्या पानावर जे वाढतात त्याला काही धरबंध नसतो. भात, गूळ, पुरणपोळी, वर तुपाची धार. घरातली प्रत्येक बाई आपल्या हाताने घास भरवते, शेजारणीही भरवून जातात. गाय बिचारी नको म्हणत नाही. गवतावर पोसलेल्या तिच्या पोटात शिजलेल्या धान्याचा ढीग एकदम पडला की तो आंबतो, पोट तटतटते, रवंथ थांबते. आमच्या गुरांच्या डॉक्टरांची धनत्रयोदशी त्यामुळे गेली कित्येक वर्षे कुणाच्या तरी गोठ्यातच उजाडते. मागे एकदा ते मला म्हणाले, "गुरुजी, वैऱ्याने मारलेले जनावर मी एक वेळ उभे करीन; पण भक्ताने खाऊ घातलेले हाती येते तेव्हा माझेच धाबे दणाणते."

मी हसलो. पण रात्री अंथरुणावर ते वाक्य पुन्हा आठवले, आणि त्याच्या पाठोपाठ आमचा पवळ्या आठवला.

१९९६ सालचा मार्च महिना. माझी दहावीची परीक्षा चालू होती. वडील तिला अखेरपर्यंत मॅट्रिकच म्हणत. भूगोलाच्या पेपराला दोन दिवस असताना पवळ्या बांधावरून घसरून खालच्या खाचरात पडला आणि कमरेतून गेला. पुढचे पाय रोवून उठू पाहायचा आणि मागचे धड ओढत राहायचा. त्याचे कण्हणे ओटीवर बसून ऐकवत नव्हते. त्या वेळचे डॉक्टर आले, त्यांनी चाचपून पाहिले, वडिलांना बाजूला घेऊन काही सांगितले आणि मला म्हणाले, "सायकल आहे ना? हे घेऊन ये बघू." चिठ्ठीवर डायक्लोफेनॅकचे नाव होते. मी बाजारात सायकल पिटाळली आणि बाटली घेऊन आलो. सुई टोचल्यावर तासाभरात पवळ्याने मान खाली टेकली, डोळे मिटले, कण्हणे थांबले. "काय गुणाचे औषध आहे!" वडील म्हणाले. त्या रात्री मला अभ्यास करता आला. दुसऱ्या दिवशी पुन्हा सुई दिली. तिसऱ्या दिवशी पहाटे तो गेला; पण तडफडून गेला नाही, एवढे समाधान घरात सर्वांना होते.

गाडीत घालून त्याला ओढ्यापलीकडच्या माळावर नेले. गावची मेलेली गुरे तिथेच टाकीत. चामडे सोलणारा आपले काम आटोपून गेला आणि दुपारच्या आत गिधाडे उतरली. आम्ही पोरे दूर करवंदीच्या जाळीआड बसून मोजत होतो. मी बत्तीसपर्यंत मोजली, मग ती एकमेकांवर चढू लागली आणि हिशेब चुकला. संध्याकाळी तिथे नुसती हाडे होती. वास नाही, माशी नाही. गिधाड हा शब्द आपण शिवीसारखा वापरतो. मेलेल्याच्या इस्टेटीवर टपलेल्या नातलगाला गिधाड म्हणतो. पण या पक्ष्याने कधी कुणाची इस्टेट खाल्ल्याचे ऐकिवात नाही. गावाची घाण मात्र तो पिढ्यान्‌पिढ्या फुकट काढत आला.

पुढे काही वर्षांतच त्या माळावर गिधाडे उतरेनाशी झाली. कधी थांबली हे कुणालाच सांगता येणार नाही. आलेला पाहुणा लक्षात राहतो, न आलेल्याची तारीख कोण लिहून ठेवतो?

लिहून ठेवणारे थोडे लोक होते. राजस्थानात भरतपूरच्या पक्षी-अभयारण्यात विभु प्रकाश नावाचे पक्षीशास्त्रज्ञ गिधाडांची घरटी मोजत असत. नव्वदनंतरच्या त्या दशकात त्यांना झाडांवर माना टाकून बसलेली आणि झाडांखाली मरून पडलेली गिधाडे आढळू लागली. कुठली तरी साथ असावी, असा पुष्कळांचा तर्क होता. खरे कारण सापडले ते पाकिस्तानच्या पंजाबात, आणि ते प्रसिद्ध झाले २००४ साली. शोध लावणाऱ्या पथकाचे प्रमुख लिंडसे ओक्स हे अमेरिकन गृहस्थ स्वतः गुरांचेच डॉक्टर. मेलेली गिधाडे फाडून पाहिली तर काळजावर, यकृतावर खडूची भुकटी फासल्यासारखा पांढरा थर. मूत्रपिंड बंद पडल्यामुळे युरिक आम्ल अंगात साचले होते. असा थर असलेली पंचवीस गिधाडे तपासली, त्या पंचविसांतही डायक्लोफेनॅक सापडले. थर नसलेली तेरा तपासली, त्यांतल्या एकातही सापडले नाही.

हे औषध टोचल्यावर काही दिवस ते जनावराच्या मांसात राहते. तेवढ्या मुदतीत जनावर मेले आणि गिधाडांनी खाल्ले, की संपले. आता कुणी म्हणेल, टोचलेली जनावरे अशी कितीशी मरत असतील? शास्त्रज्ञांनी तोही हिशेब केला. शंभर मेलेल्या गुरांत एकाहून कमी गुरात औषध असले तरी सगळी जात खालसा व्हायला पुरे. कारण एका गुराला पन्नास गिधाडे झोंबतात, आणि गिधाडाची जोडी वर्षाला अंडे घालते ते एक. १९९२ ते २००७ या पंधरा वर्षांत आपल्या देशातली पांढऱ्या पाठीची गिधाडे हजारात एक उरली. मुंबईत मलबार हिलच्या दोखम्यांवर पारशी मंडळींना सूर्याची उष्णता एकवटणारी यंत्रे बसवावी लागली. गावोगाव मेलेली गुरे कुजत पडली, पाण्यात उतरली, त्यांवर कुत्री माजली. दोन अर्थशास्त्रज्ञांनी २०२४ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांच्या अंदाजाप्रमाणे २००० ते २००५ या काळात गिधाडे नाहीशी झाल्यामुळे या देशात सुमारे पाच लाख माणसे अधिक मेली. गिधाडांसाठी रडू न येणाऱ्यांनी हा आकडा वाचावा.

आणि या सर्वाच्या मुळाशी काय? वैर नाही, लोभही फारसा नाही. गोठ्यात कण्हणारे जनावर आणि ते न ऐकवणारी माणसे. दहावीचा एक मुलगा, जोराने सायकल मारणारा.

मग पाप कुणाचे? आपल्या धर्मशास्त्राने जाणून केलेले आणि नकळत घडलेले यांत फरक केला आहे. दोहोंची प्रायश्चित्ते निराळी. पण नकळत घडलेले अगदीच माफ आहे असे मात्र म्हटलेले नाही. लहानपणी श्रावणबाळाची गोष्ट ऐकताना मला दशरथाची फार कीव यायची. अंधारात घागर बुडाल्याचा आवाज आला, राजाला वाटले हत्ती पाणी पितो आहे. त्याने बाण सोडला. त्याला काय ठाऊक? आज शाळेत तीच गोष्ट सांगताना मी जरा थांबतो. राजाचा दोष न कळण्यात नव्हता. चार पावले पुढे जाऊन पाहता येत होते, ते न पाहता त्याने बाण सोडला, हा त्याचा दोष. शब्दवेधाची विद्या अंगी होती, तिचा त्याला अभिमान होता. १९९६ सालच्या आमच्या डॉक्टरांना अशी चार पावले पुढे जाण्याची सोय नव्हती. पुढे काय आहे हे जगातच कुणाला माहीत नव्हते. त्यांना मी दोष देत नाही, स्वतःलाही देत नाही. (हे लिहितानाही ती बत्तीस गिधाडे डोळ्यांसमोर येतात, ही गोष्ट निराळी.)

पण २००४ नंतर काय? तिथून अजाणतेपणाची हद्द संपते, असे मी एकदा आमच्या आताच्या डॉक्टरांना जरा ऐटीतच सांगितले. ते चहा पीत होते. कप खाली ठेवून म्हणाले, "कुणाची हद्द, गुरुजी? शोध लागला २००४ साली. सरकारने गुरांसाठीचे ते औषध बनवणे बंद करायला सांगितले २००६ साली. मला कळले २००९ साली, ते एका लग्नात जुना वर्गमित्र भेटला म्हणून. कागद आला असेलही. दवाखान्यात येणारे सगळे कागद वाचत बसलो तर गाईच्या पोटात हात कोण घालणार? मधल्या तीन वर्षांचा मी अपराधी की नाही, ते तुम्ही ठरवा."

मला उत्तर सुचेना. कारण २००६ हे साल माझ्याही कपाळी लिहिलेले आहे. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये खगोलशास्त्रज्ञांनी प्लूटोला ग्रहांच्या पंगतीतून उठवले, आणि मी पुढे दोन वर्षे मुलांकडून नऊ ग्रह घोकून घेत होतो. चौथीतल्या एका मुलीने उभे राहून मला दुरुस्त केले. माझ्या चुकीने आकाशातले काही मेले नाही, म्हणून ती हसण्यावारी गेली. डॉक्टरांची चूक आणि माझी चूक एकाच जातीची, फळे मात्र निरनिराळी. मास्तराला शिळे ज्ञान परवडते. ज्याच्या हातात सुई आहे त्याला परवडत नाही. हा न्याय डॉक्टरांना कठोर वाटेल. पण मी तो सांगण्याआधीच त्यांनी तो स्वतःला लावून घेतला होता.

दवाखान्याच्या भिंतीवर घटसर्प, फऱ्या आणि लाळ्या-खुरकुताच्या लसींचा जुना तक्ता आहे. त्याच्या शेजारी डॉक्टरांनी स्वतःच्या खर्चाने रंग आणून एक यादी लिहिली. वर हिरव्या अक्षरात मेलॉक्सिकॅम: याने गुरांची कळ थांबते आणि गिधाडाला अपाय होत नाही, हे २००६ सालीच प्रयोगांनी दिसले होते. खाली लाल अक्षरात डायक्लोफेनॅक. त्याखाली जागा मोकळी सोडलेली. मी विचारले, ती कशाला? म्हणाले, "यादी वाढणार." आणि वाढली. माणसांसाठीच्या डायक्लोफेनॅकच्या मोठ्या बाटल्या लोक गुरांना वापरत, म्हणून २०१५ साली ते तीन मिलिलिटरच्या एका मात्रेतच विकावे असे ठरले. ती ओळ आली. असिक्लोफेनॅक गुराच्या अंगात गेल्यावर त्याचेच डायक्लोफेनॅक बनते, हे कळले, तीही आली. केटोप्रोफेनने गिधाडे मरतात हे २०१०च्या सुमारास सिद्ध झाले होते, पण कायद्याने बंदी नव्हती. ते डॉक्टरांनी लाल रंगातच लिहिले, पुढे कंसात 'बंदी नाही, तरी नको'. औषधे विकणारा एक प्रतिनिधी त्यावरून त्यांच्याशी हुज्जत घालून गेला. आसपासच्या तालुक्यांतले डॉक्टर येत, भिंतीसमोर उभे राहून यादी उतरवून नेत, आणि कधी कधी त्यांच्याकडूनच नवी ओळ कळे. आपले गोठे सोडून एकमेकांना शहाणे करायला निघालेली ही माणसे मला फार मोठी वाटतात.

इथेच थांबलो असतो तर माझी बाजू बरी दिसली असती.

२०२२ सालच्या उन्हाळ्यात आमच्या शेजारच्या काकूंची गाय रात्री अडली. डॉक्टर रजेवर गेले होते. निरोप पाठवल्यावर दुसऱ्या गावाहून एक मदतनीस आला. भला माणूस, अर्ध्या झोपेतून उठून आलेला. मी बॅटरी धरून उभा होतो. वासरू मेलेलेच निघाले, आणि गाय अशी ओरडू लागली की काकू पदराने कान झाकून भिंतीकडे तोंड करून बसल्या. त्याने पिशवीतून बाटली काढली. मी बॅटरीच्या उजेडात नाव वाचले. केटोप्रोफेन.

भिंतीवरची ती ओळ मला तोंडपाठ होती. मुलांना शाळेत मी ती शिकवली होती. दुसरे औषध आहे का, एवढे तरी विचारायला हवे होते. गाय ओरडत होती. माझे तोंड उघडले नाही. मी उजेड जरा जवळ नेला, त्याला शीर दिसावी म्हणून.

गाय दुसऱ्या दिवशी दुपारी गेली. आता मात्र मी बोललो: हिला माळावर टाकायची नाही, पुरायची. काकूंचा मुलगा म्हणाला, "गुरुजी, हा कातळ आहे. कोण खणणार?" आम्ही चौघे खणत होतो संध्याकाळपर्यंत. पहारी वाकल्या, हातांना फोड आले, खड्डा छातीइतकाही झाला नाही. गाय ढकलली, वर माती आणि धोंडे रचले. रात्री कुत्र्यांचा गलका ऐकू आला तेव्हा मी काठी घेऊन गेलो आणि पहाटेपर्यंत धोंड्यांवर बसून राहिलो. उजाडल्यावर आभाळाकडे पाहिले. काही नव्हते. ते पाहून मला बरे वाटले, आणि बरे वाटले याची लाजही वाटली.

२०२३ साली केटोप्रोफेन आणि असिक्लोफेनॅक गुरांसाठी वापरण्यावर बंदी आली. २०२४च्या अखेरीस निमेसुलाइडचीही पाळी आली. केटोप्रोफेनची बंदी आली तेव्हा डॉक्टर शिडीवर चढून कंसातले 'बंदी नाही, तरी नको' खरवडून काढत होते. मी खाली रंगाचा डबा धरून उभा होतो. तेव्हाच मी त्यांना ती रात्र सांगितली. बराच वेळ त्यांचा हात चालू राहिला.

"तुम्ही बोलला का नाहीत, गुरुजी?"

"गाय ओरडत होती," मी म्हणालो.

त्यांनी मान हलवली. ती होकाराची होती की नाही, हे मला खालून दिसले नाही. त्यांनी कुंचला पुढे केला आणि मी डबा वर उचलून धरला.