राष्ट्राध्यक्षाचा पैसा
ज्याच्या घरात मुळातच पैसा आहे तो सरकारी तिजोरीकडे डोळा लावून बसणार नाही, हा समज अमेरिकेत राष्ट्राध्यक्षपद जन्माला येण्याआधीचा आहे. १७८७ साली फिलाडेल्फियात राज्यघटना घडत असताना वयोवृद्ध बेंजामिन फ्रँकलिन यांनी राष्ट्रप्रमुखाला पगारच देऊ नये असे सुचवले. सत्तेची हाव आणि पैशाची हाव एकाच पदावर भागत असेल, तर त्या पदामागे सज्जन धावणार नाहीत, ही त्यांची भीती. सभेने ते आदराने ऐकून घेतले आणि बाजूला ठेवले. ठरले ते असे की पगार मिळेल, पण कारकीर्दीच्या मध्येच काँग्रेसला, म्हणजे तिथल्या संसदेला, तो वाढवता किंवा घटवता येणार नाही. पगाराचे आमिष किंवा धाक दाखवून राष्ट्राध्यक्षाला कुणी वाकवू नये, यासाठी ही तजवीज.

पहिल्या राष्ट्राध्यक्षांनी, जॉर्ज वॉशिंग्टन यांनी, फक्त खर्च द्या म्हटले. काँग्रेसने तरीही वर्षाला २५,००० डॉलर ठरवले. त्यांच्या निःस्पृहतेबद्दल मला आदर आहे. पण तिचा हिशेब त्यांच्या माउंट व्हर्ननच्या मळ्यावर राबणाऱ्यांना वगळून मांडता येत नाही. १७९९ मध्ये तिथे तीनशेहून अधिक गुलाम होते. नंतरचे एक राष्ट्राध्यक्ष जेफरसन तर १८२६ मध्ये लाखाहून अधिक डॉलरचे कर्ज मागे ठेवून वारले, आणि पुढच्याच वर्षी त्यांच्या माँटिचेलो मळ्यावरची गुलाम माणसे लिलावात विकली गेली. धनिक माणूस स्वतंत्र असतो म्हणताना ते धन कुणाच्या घामाचे, हे त्या पिढीने फारसे विचारले नाही.

१८४० पर्यंत वारे फिरले होते. व्हर्जिनियातल्या मोठ्या मळेवाल्याच्या घरात जन्मलेले विल्यम हेन्री हॅरिसन लाकडी खोपटातला साधा माणूस म्हणून मते मागत होते, आणि खाणावळवाल्याचा मुलगा असलेले त्यांचे प्रतिस्पर्धी, तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष व्हॅन ब्युरेन चैनी ठरले. हॅरिसन जिंकले. श्रीमंती होती तिथेच होती, फक्त ती मिरवायची सोय राहिली नव्हती.

पद सोडल्यावर राष्ट्राध्यक्षाने खायचे काय, हा प्रश्न मात्र फार काळ कुणी मनावर घेतला नाही. १८८४ मध्ये दिवाळे निघालेल्या माजी राष्ट्राध्यक्ष ग्रँट यांनी घशाच्या कर्करोगाशी झुंजत आठवणी लिहिल्या त्या कुटुंबासाठी. माजी राष्ट्राध्यक्षांच्या निवृत्तिवेतनाचा कायदा व्हायला १९५८ उजाडले.

पुढे राष्ट्राध्यक्ष निक्सन यांच्या करांचे प्रकरण गाजले, आणि करविवरणपत्रे जाहीर करण्याचा पायंडा पडला. त्यानंतरचे राष्ट्राध्यक्ष कार्टर यांनी आपला भुईमुगाचा धंदा ट्रस्टकडे सोपवला. चार वर्षांनी परतले तेव्हा तो कर्जात होता. या सगळ्या काळातली मला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट हीच, कारण इथे एका राष्ट्राध्यक्षाने स्वतःच्या पैशावरची नजर काढून घेतली आणि त्याची किंमतही मोजली.

पण पायंडा म्हणजे कायदा नव्हे. हितसंबंधांच्या संघर्षाचा जो फौजदारी कायदा मंत्र्यांना लागू होतो, तो राष्ट्राध्यक्षाला लागू नाही. १९९२ मध्ये राष्ट्राध्यक्षपदाचे उमेदवार रॉस पेरो यांनी स्वतःचे कोट्यवधी डॉलर प्रचारात ओतले, तेव्हा 'याला कुणी विकत घेऊ शकत नाही' हा जुना युक्तिवाद नव्या जोमाने परतला. २०१६ मध्ये डोनाल्ड ट्रम्प यांनी तोच वापरला, पण विवरणपत्रे दिली नाहीत आणि धंद्यांची मालकीही सोडली नाही. फ्रँकलिन यांच्या काळात धोका गरजू माणसाचा वाटत होता. पण ज्याचा धंदा पदावर असतानाही चालूच आहे, त्याला विकत घ्यावे लागत नाही; त्याच्या हॉटेलात खोल्या घेतल्या तरी पुरते. परदेशी सरकारांकडून लाभ घेण्यावर घटनेत बंदी आहे, म्हणून खटले झाले. ट्रम्प पद सोडून गेल्यावर, जानेवारी २०२१ मध्ये, सर्वोच्च न्यायालयाने आता वाद उरला नाही म्हणून ते संपवले. त्या कलमाचा अर्थ काय, हे न्यायालयाने सांगितलेच नाही.