भग्न मूर्तीचे देवत्व आणि कंधारचा क्षेत्रपाल

नांदेड जिल्ह्यात मन्याड नदीच्या परिसरात वसलेले कंधार हे राष्ट्रकूटांचे महत्त्वाचे नगर होते. तेथील जगत्तुंगसमुद्र या तलावाचा उल्लेख तिसऱ्या कृष्णाच्या काळातील, म्हणजे दहाव्या शतकातील, शिलालेखात येतो. याच परिसरात एका विराट क्षेत्रपालाचे, म्हणजे क्षेत्राचे रक्षण करणाऱ्या देवतेचे, अवशेष सापडले असून, त्याचे पाऊल नुसते पाहिले तरी माणूस किती लहान आहे हे कळते. मूर्ती भंगली की तिच्यातील देवत्वाचे काय होते, हा प्रश्न या दगडांपुढे टाळता येत नाही.

प्राणप्रतिष्ठा, म्हणजे मंत्रविधीने मूर्तीत देवतेचे आवाहन करणे, झाल्याखेरीज शिल्प पूज्य ठरत नाही, आणि व्यंग आले की पूजा थांबते; अग्निपुराणातील जीर्णोद्धारविधी अशी दगडी मूर्ती पाण्यात आणि लाकडी मूर्ती अग्नीत विसर्जित करण्यास सांगतो. या विधानात मूर्तीची अवहेलना नाही, कारण देवता मूर्तीपुरती बांधलेली नसून ती तेथे पाहुणी म्हणून येते, हीच त्यामागची धारणा आहे.

तरीही शास्त्राने पूजा थांबवली म्हणून आदर थांबत नाही. हा आदर ठिकठिकाणी वेगळ्या रूपात दिसतो. देगलूर तालुक्यातील होट्टल येथे चालुक्यकालीन सिद्धेश्वर मंदिर पुन्हा उभारले गेले. निलंग्याच्या नीळकंठेश्वर मंदिरात तर पूजा आजही चालू आहे. कंधारच्या भग्न क्षेत्रपालाला मात्र पूजा नको, पण ऊन-पावसापासून जपणूक हवी, आणि ते कर्तव्य आजच्या पिढीचे आहे.