माळ्यावरची फाईल

कृष्णाकाठच्या एका गावात नावाजलेला गुळव्या होता. काहिलीतल्या रसाचा फेस बघून पाक कधी उतरवायचा ते त्याला अचूक कळे. सारं गाव त्याला आबा म्हणे. 2011 साली आबांच्या उजव्या गालात, तंबाखूची गोळी धरायच्या नेमक्या जागी, कॅन्सर निघाला. परळच्या टाटा रुग्णालयात ऑपरेशन झालं, मग सहा आठवडे लाईट, म्हणजे किरणोपचार. आठवड्याचे पाच दिवस तोंडावर प्लास्टिकचा जाळीदार मुखवटा आवळून टेबलावर हलायचं नाही. आबांनी ते सोसलं, तंबाखू सोडली आणि बरे होऊन घरी आले.

आल्या आल्या त्यांनी फाईल फडक्यात बांधून माळ्यावर टाकली. घरात बजावलं, "या आजाराचं नाव पुन्हा काढायचं नाही. उद्या नातींची स्थळं बघायचीत." उजव्या गालाखाली दाढी उगवेना, मानेची कातडी आवळून आली होती. ती त्यांनी मफलरखाली झाकली, अगदी वैशाखातसुद्धा. परळच्या फेऱ्या काही वर्षं गुपचूप झाल्या, मग बंद पडल्या.

बारा वर्षांनी एका सकाळी जेवताना आबांच्या उजव्या डोळ्यावर वरून पडदा उतरला. पाच मिनिटांत तो आपोआप वर गेला. पुन्हा सगळं लख्ख. दोन दिवसांनी तेच झालं, तेव्हा सून त्यांना तालुक्याला डोळ्यांच्या डॉक्टरकडे घेऊन गेली. डॉक्टरांनी डोळा नीट तपासला. डोळ्यात दोष नव्हता. बी.पी., साखर विचारून झाली.

"पूर्वी काही मोठा आजार?"

"काही नाही," आबा म्हणाले.

सून गप्प होती. सासऱ्यासमोर तिनं कधी शब्द उलटवला नव्हता. पण ती म्हणाली, "डॉक्टर, आबांना गालाचा कॅन्सर होता. मानेला लाईट दिलेत." ज्या घरात एक नाव काढायला बंदी आहे, तिथे ते परक्यासमोर काढायला केवढं धैर्य लागतं! मला या बाईचं मनापासून कौतुक वाटतं.

डॉक्टर ताडकन उठले. त्यांनी मफलर काढायला लावला आणि त्याच दिवशी मानेचं डॉपलर करायला पाठवलं.

डॉपलर म्हणजे सोनोग्राफीच. सुई नाही, किरणं नाहीत, मानेवर जेल लावून यंत्र फिरवायचं. डावी बाजू आधी झाली. मेंदूकडे जाणाऱ्या कॅरोटिड धमनीची भिंत पातळ, आत रंग एकसारखा भरलेला. उजवीकडे मात्र भिंत खूप लांबवर जाड झालेली आणि मधला रंग बारीक होत होत एका जागी फुटलेला. पडद्यावर वेगाचा आकडा आला. सेकंदाला तीनशे सेंटिमीटरच्या वर.

"वेग चांगला आहे की मग," आबा म्हणाले.

"तुमच्या उसाचा पाट मध्येच अरुंद झाला तर तिथं पाणी कसं जातं?" डॉपलर करणाऱ्या डॉक्टरांनी विचारलं.

"पळतं," आबा म्हणाले आणि एकदम थांबले. "आणि पुढं पोचतं कमी."

सवाशेच्या पुढे आकडा गेला की डॉक्टरांच्या मनात शंका येते. इथे तर वाट बरीचशी बुजली होती. डॉक्टरांनी समजावलं. लाईटनं कॅन्सरच्या पेशी मरतात, पण वाटेत येणाऱ्या धमनीचं आतलं नाजूक अस्तरही दुखावतं. त्या भिंतीला पोसणाऱ्या बारीक वाहिन्या आक्रसतात. मग वर्षानुवर्षं भिंत जाड होते, आत चरबी आणि चुना साठतो. माणसाला काहीच जाणवत नाही. तिथला एखादा कण सुटून डोळ्याकडे गेला तर पडदा उतरतो, मेंदूत अडकला तर अर्धं अंग जातं. लाईट दिले नसते तर कॅन्सर पुन्हा उलटायचा धोका मोठा होता, हेही तितकंच खरं. उपचार चुकला नव्हता. फक्त त्यानंतर मानेकडे कुणी बघितलं नव्हतं.

सुनेनं माळ्यावरची फाईल काढली. तीस वेळा मिळून 60 ग्रे, उजवा गाल आणि उजवी मान. त्या एका ओळीनं पुढचं ठरवायला मदत केली. शिरेतून औषध सोडून सी.टी. अँजिओग्राफी झाली, छातीपासून मेंदूपर्यंतची सगळी वाट दिसली. लाईट दिलेल्या मानेवर चिरा घेतला तर जखम भरायला जड जाते, म्हणून जांघेतून नळी नेऊन स्टेंट बसवला. रक्त पातळ ठेवायच्या आणि चरबीच्या गोळ्या सुरू झाल्या.

पुढच्या माघात थोरल्या नातीला बघायला पाहुणे आले. पोहे झाले. मुलाच्या वडिलांची नजर आबांच्या गालावर अडली. आबांनी सगळ्यांसमोर मफलर सोडला आणि सांगून टाकलं, कॅन्सर, लाईट, धमनी, स्टेंट, सगळं. घरातल्या बायकांनी श्वास रोखला.

मुलाची आत्या पुढे सरकली. "आमच्या थोरल्या दादांना घशाला लाईट दिलेत. आठ वर्षं झाली. त्यांना काही होत नाही, पण ते कुणाला सांगूही देत नाहीत."

"फाईल आहे का?"

"असंल ट्रंकेत."

"ती घेऊन त्यांना सोमवारी तालुक्याला आणा," आबा म्हणाले. "अर्ध्या तासाचं काम आहे. मी येतो बरोबर."

लग्नाचं बोलणं पुढच्या बैठकीवर गेलं.