लिचीवर हक्क कोणाचा?

मॉरिशसमध्ये नोव्हेंबरात लिची पिकते आणि पाऊण मीटर पंखांची फळखाऊ वटवाघळं रात्री अंगणात उतरतात. उसाच्या मळ्यांसाठी आणलेल्या मराठी मजुरांच्या वंशातले एक काका आणि देशी जंगल पुन्हा उभं करण्याच्या कामातली त्यांची पुतणी यांचं हे बोलणं कल्पनेतलं आहे. पेच मात्र खराच.

काका : झाड माझं, राखण माझी आणि पहिला घास त्यांचा. हा कुठला न्याय?

पुतणी : काका, 2015 आणि 2016 मध्ये सरकारनं तीस हजारांहून जास्त वटवाघळं मारली. बागायतदारांचा नफा वाढला का? नाही. 2018 मध्ये ही जात धोक्यात असल्याचं जाहीर झालं, आणि त्याच वर्षी पुन्हा बंदुका निघाल्या. मादीला वर्षाला एकच पिल्लू होतं. ही तूट भरायची कशी?

काका : मारून फायदा नाही, मान्य. पण न मारल्यानं माझा तोटा भरून येतो का?

पुतणी : डोडो गेला, मोठी कासवं गेली. मोठ्या बिया लांब नेऊन टाकणारं वटवाघळांशिवाय दुसरं आता कोण उरलंय? चांगलं देशी जंगल पाच टक्केसुद्धा राहिलेलं नाही. आणि लिची बाहेरून आली, वटवाघूळ इथलंच.

काका : आपणही बाहेरूनच आलो, बाळ. मग आपण निघायचं? जंगल तुटलं ते मळेवाल्यांच्या उसासाठी. आपल्या पणजोबांच्या हाती कोयता आला, जमीन नाही. त्या जंगलाची भरपाई आता माझ्या एका झाडानं करायची?

पुतणी : नाही. ती तुमच्या एकट्यावर पडणं चूकच आहे. पण रॉड्रिग्स बेटावर 1970 च्या दशकात तिथल्या वटवाघळांची संख्या शंभराच्या आत आली होती. आज हजारोंनी आहेत. माणसांनी मनावर घेतलं म्हणूनच ना?

काका : चांगलं झालं. मलाही ती संपायला नकोत. फक्त राखण्याचा खर्च कोणाच्या माथी, ते सांग.

पुतणी : झाडावर टाकायच्या जाळीला सरकारी अनुदान मिळतं.

काका : जाळी बुटक्या झाडाला. हे आजोबांनी लावलेलं, घराहून उंच. शेंडा छाटावा लागेल.

पुतणी : एखादा हंगाम फळ कमी येईल, इतकंच.

काका : 'इतकंच' तू म्हणतेस, कारण बुडणारा हंगाम माझा आहे. असं कर, अर्ज लिही. जाळीबरोबर त्या हंगामाचेही पैसे माग. मिळाले तर उद्या छाटतो. नाही मिळाले तरी मी बंदूक मागणार नाही, पण मग मला त्यागाचे धडे द्यायला कोणी यायचं नाही. तूसुद्धा.