अधिकारभेद आणि निबंधाचा तास

१९७० साली न्यूयॉर्कच्या सिटी युनिव्हर्सिटीने शहरातल्या शाळांतून उत्तीर्ण होणाऱ्या प्रत्येकाला दार उघडलं. कृष्णवर्णीय, पोर्तो रिकन, कामगारांची मुलं वर्गात आली आणि त्यांचे निबंध पाहून प्राध्यापक हबकले. तिथे लेखन शिकवणाऱ्या मीना शॉनेसींनी मात्र सुमारे चार हजार निबंध बारकाईने वाचले आणि १९७७च्या पुस्तकात दाखवून दिलं, की चुकांनाही तर्क असतो.

या मुलांसाठी लेखनाचे वेगळे वर्ग निघाले. ही आस्था, की पायरी दाखवणं?

आपल्याकडे याला जुना शब्द आहे, अधिकारभेद. ज्याची जशी तयारी, तसा उपदेश. ऐकायला शहाणपणाचं, पण ‘अधिकार नाही’ म्हणतच शूद्रांना आणि स्त्रियांना वेदांपासून दूर ठेवलं गेलं.

अमेरिकी लेखनशिक्षणाचे अभ्यासक डेव्हिड बार्थोलोमे यांनी १९९३च्या लेखात तसाच संशय घेतला: वेगळा वर्गच ‘कच्चा’ विद्यार्थी घडवतो. बाल्टिमोर काउंटीच्या कम्युनिटी कॉलेजने २००७मध्ये मधली वाट काढली. तिथे कच्ची ठरलेली मुलं नेहमीच्या वर्गात इतरांच्या शेजारी बसतात आणि त्याच शिक्षकाकडे जादा तासही घेतात. सुरुवातीला वीसजणांच्या वर्गात अशी आठ मुलं असत.