हिरवी, पण बिनफळाची फांदी



आपल्या जालन्याच्या मोसंबीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले. मोसंबीच्या बागेत राबणाऱ्यांना पाणसोट ठाऊक असतात. सरळ वर जाणाऱ्या या फांद्या हिरव्यागार, जोमदार दिसतात. पण फळ देत नाहीत, उलट झाडाचा अन्नरस ओढून घेतात. म्हणून जाणता बागायतदार त्या वेळीच काढतो आणि छाटलेल्या जागी बोर्डोपेस्ट लावतो.

योहानकृत शुभवर्तमानाच्या १५ व्या अध्यायात प्रभू येशू स्वतःला द्राक्षवेल व पित्याला माळी म्हणतो. हा माळी फळ देणाऱ्या फांदीचीही छाटणी करतो, तिला अधिक फळ यावे म्हणून.

आपल्या जीवनातही असे पाणसोट आहेत. रात्री उशिरापर्यंत हातातला मोबाइल, टीव्हीवरील मालिका, शेजाऱ्याशी चाललेली चढाओढ. ही सगळीच पापे नव्हेत, म्हणूनच ती आपल्याला खुपत नाहीत. पण कुटुंबाची जपमाळ, मुलांशी बोलणे, आजाऱ्याची भेट यांचा वेळ तीच पिऊन टाकतात. मग आपण म्हणतो, "प्रार्थनेला वेळच मिळत नाही!"

या आठवड्यात प्रत्येक घराने आपला एक पाणसोट ओळखू या, तो काढू या आणि छाटलेली जागा उघडी न ठेवता तेथे शुभवर्तमानाचे वाचन आणू या. छाटताना थोडे दुखेल. पण बाप्तिस्म्याने आपण ख्रिस्ताशी जोडले गेलो, ते नुसते हिरवे दिसण्यासाठी नव्हे, तर फळ देण्यासाठी. प्रभू आपल्याला ते धैर्य देवो. आमेन.